सत्तावीस सी

पिट्सबर्गमधल्या या खोलीला खिडकी नाही.
आभाळातले पेशंट मी तळघरात बसून तपासते,
कानांवर हेडफोन, समोर गार झालेला चहा.

पावणेतीनला एक आवाज आला, खरखरत,
मधले शब्द गिळत:
सत्तावीस सी, पुरुष, साठीचा,
जेवणाचा ट्रे पुढे सरकवला आणि मान टाकली.

बोलणारीचं नाव डेल्फीन.
डॉक्टर कुणी आहे का, तीनदा विचारलं म्हणाली,
तेव्हा एक गुरांचा डॉक्टर उठला, नेब्रास्काचा.
म्हटलं, चालेल की. नाडीला जात नसते.

स्टेथोस्कोप ठेवा बाजूला,
त्यात फक्त इंजिन ऐकू येईल.
बोटं लावा. मनगटाला नको, मानेला.
लागतेय?
लागतेय.
नाही. लागत होती.

नखं कशी दिसतात?
निळी. मग जरा थांबून: इथे सगळंच निळं आहे,
रात्रीचे दिवे आहेत, माझा हातसुद्धा निळा.
मग दिवे लावा ना, बाई!
तिने लावले,
आणि मला ऐकू आली
दोनशे माणसं एकदम जागी होताना.

दाबा. बरगडी मोडली तरी दाबा.
तीस झाले की दोन श्वास.
तो गुरांचा डॉक्टर मोठ्याने मोजत होता,
बाजाराच्या दिवशी मोजावं तसं, खणखणीत.

कॅप्टन म्हणाला, डलुथ बावीस मिनिटं, बर्फ पडतोय.
शिकागो अठ्ठेचाळीस.
डलुथ, मी म्हटलं.
या एका शब्दाने कुणाचं लग्न चुकतं, कुणाची मयत.
शिव्या मला पोचत नाहीत, तेवढं बरं.

मोजण्याच्या मागे एक बाई बोलत होती,
सत्तावीस बी असणार.
भाषा मला येत नव्हती. सूर येत होता:
गाडीत पेंगणाऱ्याला हलवून म्हणतात ना,
अहो उठा, आलं आपलं.
तेच ते, पुन्हा पुन्हा, किंचित वैतागून.

चाकं टेकली की लाइन तुटते.
पुढचं कुणी कळवत नाही.
फॉर्मवर शेवटचा रकाना असतो, मी लिहिते: माहीत नाही.
अकरा वर्षं लिहितेय, अक्षर मात्र दर वेळी बिघडतं.

सातला बाहेर आले. पार्किंगमध्ये
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना लक्षात आलं,
तीस झाले की हात थांबतोय,
दोन श्वासांपुरता.