गव्हाणीपाशी

वर्षातल्या सर्वांत लांब रात्री नळ गोठला.
तोल्गोलच्या चर्चला पाणी येतं वरून,
सुनिमच्या मठातून, एकाच काळ्या पाइपातून;
बिल कधी कुणी पाठवलं नाही.

मी किटली आणि फाटकी रजई घेऊन चढले,
एकाहत्तराव्या वर्षी, नवऱ्याच्या बुटांत.
ती आधीच सांध्यावर वाकली होती, उघडं डोकं लाल झालेलं.
मंत्रबिंत नव्हता तोंडात,
चक्क शिवी होती.

मग लाल चवळीची पेज दिली.
ओसरीच्या भिंतीवर ती जुनी चित्रं:
बैलाच्या खुरांमागे निघालेलं पोरगं.
तीस वर्षं पाहतेय, विचारलं आजच.
"बैल सापडतो. मग बैल जातो. मग पोरगंही."
"आणि उरतं काय?"
"गोल. रंगाचे पैसे वाचले."

माझ्या माणसाला पुरलं तेव्हा
ही चर्चबाहेर पायरीवर बसून होती, पावसात.
आत ये म्हणालं नाही कुणी.
मीही नाही.

दुसऱ्या दिवशी नळ बघायला म्हणून आली.
या वेळी दार मीच उघडलं.
नाताळच्या देखाव्यापुढे उभी राहिली बराच वेळ:
मरिया, योसेफ, कान तुटलेलं गाढव,
तीन राजे आणि उंट दोनच.
"बाळ कुठंय?"
"उद्या रात्री. तोवर गव्हाण रिकामी ठेवतो."
"तुम्हीसुद्धा?" म्हणाली,
आणि लहान मुलीसारखी हसली.
"आणि बैल?"
"फुटला. फादर नाम यांच्या भाच्याने पाडला."
"बरं झालं. इथे सापडला असता
तर आमची भिंत पुसावी लागली असती."

माझं बाळ मी तिच्या गोलात सोडून दिलेलं नाही.
ते जन्मतं, रडतं, दूध मागतं,
पुढे त्याला खिळे ठोकतात; एवढं मला पक्कं ठाऊक आहे.
तिनेही माझ्यासमोर हात जोडले नाहीत,
फक्त जाताना गाढवाचा कान
खिशातून काढलेल्या भाताच्या शिताने चिकटवला.

चोवीसच्या रात्री, बाळ ठेवण्याआधी,
मी नुसत्या गवतावर तळहात ठेवून पाहिला.
गार होतं.
प्रार्थना जुनीच म्हटली. मधली एक ओळ आठवेना.
नेहमी असं झालं की मी घाईने पुढची पकडते.
या वेळी थांबले तिथेच.
मोरीत नळ
थेंब थेंब सुटला होता.