पुढचं चाक

पुढचं चाक माझं, मागचं दिगूचं.
वाटणी अशीच झाली आमच्यात,
कारण आरसी बुकावर अजून अण्णांचंच नाव
आणि विकायची म्हटलं तर सह्या दोघांच्या लागतात.
एक आठवडा येझदी तो वापरतो, एक मी.
रविवारी सकाळी पवननगरच्या गल्लीत
ती मेन स्टँडवर, आणि तिच्या दोन टोकांना
आम्ही, पाठीला पाठ.

एका चाकाला छत्तीस आऱ्या.
लिहून बघा ३६:
तीन इकडे बघतो, सहा तिकडे.
नऊ वर्षांत बोललो ते गाडीपुरतं.
"पेट्रोल?"
"रिझर्व्हला आहे."

आधी रॉकेल आणि झिजलेला टूथब्रश.
मग ब्रासोचा ठिपका.
मग चिंधी: आरीभोवती एक वेढा,
दोन टोकं दोन हातांत,
आणि ओढायचं, इकडून तिकडे,
रवीची दोरी ओढावी तसं.
चिंध्या अण्णांच्या.
भद्रकालीतलं दुकान गेलं, मशीन गेलं,
कातरणीचं गाठोडं काही संपत नाही:
शाळेच्या चड्ड्यांची खाकी, पोलक्यांचं अस्तर,
कुणाच्या तरी लग्नातल्या सफारीची पट्टी.
शिंप्यानं पोराचं नाव दिगंबर ठेवलं
म्हणून आई जन्मभर हसली.

चाक माझं, पण त्यावरची घाण
गेल्या आठवड्याची, म्हणजे त्याची.
ती मला वाचता येते.
निळे ठिपके मोरचुदाचे:
गिरणाऱ्याला बागेत फवारणी चालू असताना गेला होता.
काळी माती दिंडोरीची, वाळली की नखानं निघते.
तांबडा चिखल म्हणजे अंजनेरीच्या अंगाला कुठेतरी.
मध्ये तीन रविवार तो आलाच नाही.
पोरगा गाडी लावून गेला,
मागचं चाक तसंच घाण.
चौथ्या रविवारी आला तेव्हा
अंबडच्या प्रेसनं उजव्या हाताची दोन बोटं
पेरापर्यंत घेतली होती.
मी विचारलं नाही.
तेव्हापासून तो चिंधीचं एक टोक
फूटरेस्टला बांधतो, दुसरं डाव्या हातानं ओढतो.
अर्धीच आरी चमकते.
पाठमोरं बसूनही ऐकू येतं,
चिंधी एकीकडूनच ओढली जाते ते.

आज व्हॉल्व्हपासून अकराव्या आरीशी,
निपल जिथे रिममध्ये शिरतं,
तिथे एक तांदूळ अडकलेला.
कुंकवानं लाल.
मी ब्रश खाली ठेवला.
त्याच्या मनूचं वय बोटांवर मोजलं. चोवीस.
म्हणजे पत्रिका वाटणं चालू आहे.
शहरभर फिरला असेल, अक्षतांची पुडी वरच्या खिशात,
पंचवटी, मेरी, देवळाली कॅम्प,
आमचं दार सोडून.
आमच्या दारात तर गाडीच उभी असते.

राग आला होता, तेवढं आठवतं.
मग उठलो. गुडघे वाजले.
फूटरेस्टची गाठ सोडली
आणि ते टोक हातात धरलं.
दिगूनं मान वर केली नाही.
त्यानं ओढलं, मी ढील दिली.
मी ओढलं, त्यानं दिली.
नऊ आऱ्या झाल्या. दहावीला म्हणाला,
"हळू. तुझ्या हातून नेहमी निपल तुटतं."
"एकदाच तुटलं होतं."
"दोनदा."

छत्तिसावी झाली तेव्हा ऊन गटारीच्या फरशीवर आलं होतं.
पत्रिकेचं तो बोलला नाही.
त्यानं किल्ली पुढे केली, आठवडा माझा होता.
"राहू दे," मी म्हटलं, "तुला कामं असतील."
तो किल्लीकडे बघत राहिला,
मग पँटला हात पुसले,
आधीच पुसलेले.

माझं चाक मी एकट्यानं पुरं केलं.
कांडलेला तांदूळ उगवत नसतो, मला कळतं.
तरी अकराव्या आरीच्या त्या निपलवर
ब्रश नाही फिरवला.