सूतभर

रात्रीचे दोन. किनाऱ्यापासून आत, मेंढ्यांच्या माळावर
आमचं स्टेशन: एक घुमट, एक कंटेनर
आणि एक किटली, जी कधीच वेळेवर उकळत नाही.
मी हिरवा लेझर वर सोडते.
एकवीस हजार किलोमीटरवर, पोटाला आरसे लावलेलं एक धूड
आत्ता गव्हाच्या कोठारामागून चढतंय.
अब्जावधी कण जातात. परत येतो एखादा,
कधी तोही नाही.
आला तर त्याला एवढंच विचारायचं: किती वेळ लागला?
सेकंदाचा सातवा भाग,
आणि पुढे दशांशांची लांबलचक शेपटी.
त्या शेपटीच्या टोकाला माझा पगार आहे.

लोकांना वाटतं उपग्रह आखल्या वाटेनं फिरतो, घाण्याच्या बैलासारखा.
नाही फिरत.
ऊन त्याला ढकलतं.
हो, ऊन. ज्यात आपण चादरी वाळत घालतो तेच.
हिशेबात धरलं नाही
तर दिवसाअखेर शेदोनशे मीटरचा घोळ.
पृथ्वीच्या सावलीत शिरला की ढकलणं थांबतं,
बाहेर पडला की पुन्हा सुरू,
आणि युरोपात कुणीतरी जेवण अर्धं टाकून
त्याची वाट नव्यानं मांडायला बसतं.

चार किलोमीटरवर माझा भाऊ क्लेम पेरतोय.
म्हणजे ट्रॅक्टर पेरतोय; क्लेम मांडीवर सँडविच घेऊन
सुकाणूकडे नुसता बघतो.
गेल्या वर्षीच्या दोन ओळींच्या बरोबर मधून यंदाची ओळ.
दोन सेंटिमीटर, जास्त नाही.

आमचं दोघांचं सूत कधी जुळलं नाही.
सहासष्ट साली बाबांनी उत्तरेचं कुंपण घातलं,
दोनशे अकरा खांब,
एक डोळा मिटून, हिरव्या सुतळीच्या जोरावर.
क्लेमच्या नव्या रिसीव्हरनं सांगितलं: टोकाला चाळीस सेंटिमीटर वाकडं.
तो म्हणाला, उपटू.
मी म्हणाले, हात लावून बघ.
बाबांच्या दफनाचे कपडे अजून आमच्या अंगावर होते.
त्याला अकरा महिने झाले.

आता मापं घेणारीच सांगतेय म्हणून ऐका:
ते कुंपण बाबांनी घातलं तिथे नाहीच.
हा अख्खा खंड वर्षाला सात सेंटिमीटर ईशान्येला सरकतो.
पहिला खांब ठोकला त्या दुपारपासून
चार मीटर आणि वर थोडं.
खांब, मेंढ्या, बाबांची कबर, ही किटली,
सगळं मिळून, कुणाला न विचारता.
शिवाय चंद्र रोज दोनदा जमीन वीतभर उचलतो
आणि परत ठेवतो.
वाकडं कशाच्या मानानं, क्लेम?
हे मी त्याला म्हटलं नाही. गणित म्हणून लिहून ठेवलं.

दोन वाजून चाळीस. फोन थरथरला.
"रेषा उड्या मारतेय. तुझ्याकडे काही?"
अकरा महिन्यांनी, नमस्कार नाही की चमत्कार नाही.

माझ्या पडद्यावरही कण अपेक्षेच्या जरा बाजूला उतरत होते,
सांगितलेल्या घरी पाहुणा सापडू नये तसे.
कारण मला माहीत नव्हतं.
आकडे होते तसे पाठवून दिले.
त्याला लिहिलं: "थांब. आकडा स्थिर होईपर्यंत पेरू नकोस.
वीस मिनिटं तरी."

बाहेर आले. माळाच्या काठावर त्याचे दिवे
थांबलेले.
माझं ऐकून क्लेम थांबलाय असं
मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझी सुतळी दिसतेय इथून," त्यानं लिहिलं.
मी वर पाहिलं.
घुमटातून निघालेली ती हिरवी रेघ, ताणलेली,
एक टोक माझ्याजवळ,
दुसरं कुठे बांधलंय ते दिसत नव्हतं.
काय उत्तर द्यावं, सुचेना.

तेवढ्यात पर्थचं विमान आलं.
नियमाप्रमाणे लेझर आपोआप बंद.

"गेली," क्लेम म्हणाला.

"येईल," मी लिहिलं,
आणि किटली पुन्हा ठेवली.