पहारा

रात्री दोनला लाईट गेली,
बोळातले माग एकदम गप्प.
सोलापुरात आवाजाने कुणी उठत नाही.
मी उठतो शांततेने.
चौकीवर शांतता म्हणजे कुणीतरी येतंय.

हात उशाखाली गेला. तिथं चष्मा.
पेन्शनीत निघून वीस वर्षं झाली,
हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

मार्था झोपेतच विचारते, नेहमीसारखं :
"आज ड्युटी कुणाची?"
"त्याची," मी म्हणतो,
"ज्याला डुलकी येत नाही."

सकाळी अमोसला गाडीत बसवायचं. लडाख.
ट्रंकेत चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी,
बापाचा फाटका नवा करार.

देव गोळी अडवतोच, असं नाही सांगणार पोराला.
स्तोत्र म्हणता म्हणताच गेला त्याचा बाप
माझ्या मांडीवर. आमेन राहिलं होतं,
ते मी म्हटलं.

एवढंच सांगेन :
भ्यालास तर त्याच्यापासून लपवू नकोस.
आणि पाळी संपली की नीज, बाळा.
पहारा तुझ्या एकट्याचा नाही.

लाईट कधी आली, माग कधी खडखडले, 
कोण जाणे.
मार्था म्हणते, घोरत होतात.