शेरा

घणसोली, सेक्टर सात. शनिवार.
सातवी ब च्या दारावर यादी:
प्रत्येक पालकास दहा मिनिटे.
नववं नाव ढेबे.

रात्रपाळी उतरून ते बाजारातून थेट आले.
खांद्यावर कांद्याचं एक साल,
त्यांना न कळता सोबत आलेलं.
खुर्ची दिली तरी तिसऱ्या बाकावरच बसले,
गुडघे आत मावेनात
म्हणून आडवे, दाराकडे तोंड करून,
उठवून बाजूला बसवलेल्या मुलासारखे.

मी वाचायला घेतलं.
गणित, पन्नासपैकी अकरा.
वही अपूर्ण. लक्ष नाही.
प्रत्येक ओळीला ते "व्हय मॅडम" म्हणत होते,
पावती फाडल्यासारखं.
मग शेवटची ओळ, लाल शाईतली:
पालक फोन उचलत नाहीत.

इथे "व्हय" आलं नाही.

"किती वाजता करता?"
साडेदहाला, मधल्या सुट्टीत.
"तवा मी झोपल्याला असतो.
तीननंतर करा. तीनला मी माणसात असतो."

वर्षभर मी एका झोपेला फोन लावत होते
आणि शेरा लिहीत होते.

कार्ड पालथं घातलं.
प्रज्योत घरी काय करतो, विचारलं.
"रविवारी येतो गाळ्यावर.
काटा बघतो, बारदान वजा करतो,
पन्नास गोण्यांचं तोंडी सांगतो.
तोलणार चुकला की बोट ठेवतो."
मी त्या अकरावर बोट ठेवून बसले.

मग तेच म्हणाले, आवाज उतरवून,
"एक इचारू? हितं कुणासंगं बोलतो का त्यो?
त्याची आई मेढ्याला हाय, दिवाळीपासनं.
घरात आमी दोघंच. एक जागा, एक झोपल्याला."

मला सांगता आलं नाही.
हजेरी क्रमांक बावीस, खिडकीकडचा बाक,
शेजारी कोण बसतं ते आठवेना.
दाराबाहेर दहावं नाव खाकरलं.
सोमवारी बघून सांगते, म्हटलं.
तीननंतर.

सही त्यांनी सावकाश केली,
एकेक अक्षर पाठीवरून उतरवून
नीट थप्पी लावल्यागत.

अकरा मी खोडले नाहीत. अकरा ते अकराच.
लाल ओळ तेवढी खोडली.

दहाव्या बाई आत आल्या,
पर्स मांडीवर घट्ट धरून, मार्क ऐकायच्या तयारीत.
मी विचारलं, तुम्ही जाग्या कधी असता?
त्या गोंधळल्या.
मग हसल्या, आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.