तिसरी सुई

डॉक्टर मंडलोईंनी यांच्या कानापुढे बोट ठेवलं,
"उघडा… मिटा. सांध्याचे बंध सैल पडलेत."
सुईत म्हणे साखरेचंच पाणी:
आधी थोडं दुखवायचं,
मग आतलं आपणच आवळून येतं.

वीस वर्षं रामबागेत
शेवेच्या दर घासाला यांचा जबडा वाजला.
कट्.
पोळ्या लाटता लाटता पाठमोरी मोजायचे मी.
सराफ्यात एकदा जलेब्याला तोंड उघडलं
ते मिटेचना;
लोक हसले. मीही.

तीन सुया झाल्या. सव्वा महिना नुसती पेज.
आज पोहे.
दुधापाशी उभी राहून मी कान दिला.
काही वाजेना.
जेवतायत की नाही, म्हणून वळले,
तर बशी निम्मी झालेली,
"शेव आण गं,"
आणि मागे दूध उतू.