छातीपातुर पाणी

दुपारचे तीन. वाचनालयात मी आणि पंखा.
पेपर चाळणारे पेन्शनर जेवून घरी आडवे झालेले.
ती आली, चपला बाहेर काढून, देवळात यावं तशी.
म्हणाली, "त्या नदीच्या पिच्चरचं पुस्तक हाय का हितं?"

कुठला पिच्चर, हे वाईत विचारावं लागत नाही.
शूटिंगं पुष्कळ झाली इथे, पण तो एकच,
ज्याची शेवटची चाळीस सेकंदं
लोक अजून पानटपरीवर हातवारे करून सांगतात:
बाई पाण्यात चालत जाते, पाठमोरी,
केस सुटलेले,
आणि एकदाही वळत नाही.
एका प्राध्यापकांनी त्या पाठीवर
अकरा पानांचा लेख लिहिलाय. तोही आमच्याकडे आहे.

"ती पाठ माजी," ती म्हणाली.
अंजिरा ननावरे, मुक्काम चिंधवली.
सांगितलं असं, जसं कुणी सांगावं
की ही पिशवी माझी, मघाशी इथंच विसरले.

हिरॉईन मुंबईची. पौषातलं पाणी तिला सोसेना.
मग डायरेक्टरनं घाटावरच्या धुणेवाल्या
ओळीनं उभ्या केल्या, तोंडं नदीकडे,
आणि मागून निवडली.
"थोबाड कुनी बगितलंच न्हाई.
पंधरा रुपये दिले. लुगडं मातुर
वल्लंच काढून घेतलं."

पुस्तक शोधून आणलं. शिवण सुटलेली,
वाळवीनं प्रस्तावना खाल्लेली, गोष्ट शाबूत.
"मला वाचाया येत न्हाई. शेवटचं तेवढं वाचा."

कादंबरीत त्याला तीन पानं लागतात.
पाण्याचा रंग, माहेरची चूल, एका पत्राची घडी,
मनातल्या मनात लांबच लांब वाक्यं.
ती ऐकत होती,
दुसऱ्याच्या फडताळात आपला डबा हुडकावा तशी.
मध्येच म्हणाली, "पानी कुटवर आलं म्हनतोय?"
गुडघ्यापर्यंत.
"छातीपातुर व्हतं. लिवनारा उतरला नसंल."

आणि तुम्ही? तुमच्या मनात काय होतं तेव्हा?
"मनात कशाचं! पोरगं काठावर व्हतं,
त्येंच्या छत्रीखाली, हातात गुळाचा खडा.
रडल्यागत वाटलं म्हनून वळले,
तर ह्यो भोंग्यातनं वराडला, वळायचं न्हाई!
पुन्ना केस वाळवा, पुन्ना पान्यात. तीन डाव."

पुढे पुसेगावच्या जत्रेत, तंबूत,
पडद्याच्या मागल्या अंगाला बसून तिनं तो पाहिला.
नदी उलटी वाहत होती.
वळल्याला तुकडा नव्हता.

मी पान उलटलं. शेवटून चौथी ओळ.
पिच्चर मी सतरा वेळा पाहिलेला,
पुस्तक एकदाच, कॉलेजात, परीक्षेपुरतं.
विसरून गेलो होतो.
तिथे साधंच लिहिलंय:
मग ती वळली, एकदाच, काठाकडे.

पंखा कुरकुरत होता.
"परत वाचा."
परत वाचलं.
"म्हंजी माजा पयला डाव बरुबर व्हता."
मग जरा वेळानं, "आनि पोरगं?"
पुस्तकात मूल नाही, मी म्हणालो.
ती कशाला वळली, ते लिहिलेलं नाही.
"लिवलंच न्हाई?"
पदर तोंडाला लावून ती हसली,
कितीतरी वेळ,
मला कपाटाकडे बघावं लागलं.

कार्ड केलं. अनामत पन्नास, सहीच्या जागी अंगठा.
वाचणार कोण? मी विचारलं.
"नात हाय, आठवीत.
पर कुटली वळ त्ये सांगनार न्हाई तिला. हुडकू दे."

पायरीवर तिच्या चपला उलटसुलट झाल्या,
त्या तिनं निस्तरल्या, एसटी स्टँडाकडे निघाली.
पुस्तक बगलेत, भाकरीच्या फडक्यात.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो.
सहसा मी तो कोराच सोडतो.
लिहिलं: शिवण सुटलेली.
प्रस्तावना नाही.
शेवट आहे.